मका महागला, आता गाईला काय घालू?

या वेळचा पत्रांचा गठ्ठा उघडला तर जवळपास सगळ्यांचं दुखणं एकच, मका. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, कारखाने मक्याकडे वळले, आणि एकेकाळी मका बाहेर पाठवणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो बाहेरून आणावा लागला. कोंबडीवाले, कारखानेवाले आणि आपण दूधवाले, तिघांचा हात एकाच पोत्यावर. म्हणून लोक पर्याय शोधून राहिले, कोणी संत्र्याची साल, कोणी कोंडा, कोणी मंगल कार्यालयातलं उरलेलं अन्न. शोधायलाच पाहिजे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण बहुतेक पत्रांत हिशोब एकच, किलोला किती पडतं. त्याच्या आधी दुसरा हिशोब करायला पाहिजे, ही वस्तू गाईच्या मोठ्या पोटात गेल्यावर किती वेगानं आंबते आणि आंबून तिचं काय बनतं. स्वस्त मालानं गाय आजारी पडलेली मी इतक्या गोठ्यांत बघितली आहे की हे मी कळकळीनं लिहितोय.

प्रश्न (काटोल तालुका): डॉक्टरसाहेब, माझ्याकडे ६ संकरित गाई आणि संत्र्याची बाग आहे. सध्या आंबिया बहाराच्या फळांची गळ चालू आहे, झाडाखाली सडा पडतो. दिवाळीनंतर ज्यूसवाल्याकडून साल फुकट मिळणार आहे, फक्त वाहतूक माझी. मका पूर्ण बंद करून गळ आणि साल दिली तर चालते का? शेजारी म्हणतात आंबट खाल्लं की दूध फाटते.

उत्तर: पहिले शेजाऱ्यांचं. आंबट खाऊन दूध फाटत नाही भाऊ. संत्र्यातलं सायट्रिक ॲसिड मोठ्या पोटातले जिवाणूच खाऊन टाकतात, ते कासेपर्यंत जातच नाही. दूध फाटत असेल तर भांडी, दूध थंड करायला लागणारा वेळ आणि कासदाह हे तपासा.

आता साल. मोठ्या गाईच्या या पहिल्या पोटात १०० ते २०० लिटर माल मावतो आणि त्यात जिवाणू, प्रोटोझोआ, बुरशी असे अब्जावधी जीव राहतात. आपण म्हणतो गाईला खाऊ घातलं, पण पहिला घास या जिवांचा असतो. ते चारा आंबवून मुख्य तीन आम्लं तयार करतात, ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा या आम्लांतूनच मिळते. ॲसिटिकपासून दुधाचं फॅट बनतं. प्रोपिओनिकपासून यकृतात ग्लुकोज, ग्लुकोजपासून दुधातली साखर, आणि ती साखर जेवढी तयार होईल तेवढं पाणी ती कासेत ओढते, म्हणजे तुमचे लिटर त्यावर ठरतात. चाऱ्यातल्या तंतूंपासून ॲसिटिक जास्त मिळतं, मक्यात ७० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतं आणि त्यापासून प्रोपिओनिक जास्त मिळतं. एवढं डोक्यात ठेवलं की पुढची सगळी उत्तरं सोपी होतात.

संत्र्याच्या सालीत स्टार्च जवळजवळ नाहीच. तिच्यातली ऊर्जा आहे पेक्टिनमध्ये आणि थोड्या साखरेत. पेक्टिन आंबतं फार वेगानं, पण त्यातून ॲसिटिक बनतं, लॅक्टिक ॲसिड सहसा बनत नाही, आणि पोट आंबट व्हायला लागलं की पेक्टिन आंबवणारे जिवाणू आपोआप हळू होतात. धान्याचं तसं नाही, पोट आंबट झालं तरी स्टार्चचं आंबणं चालूच राहतं आणि आंबटपणा वाढतच जातो. म्हणून दोन ते अडीच किलो मका खाणाऱ्या गाईचा अर्धा मका काढून त्या जागी साल दिली तर पोट सहसा बिघडत नाही आणि फॅट टिकतं, कधीकधी थोडं वाढतंही. ब्राझील आणि फ्लोरिडाकडे ज्यूस कारखान्यांचा वाळवलेला चोथा गाईंच्या खाद्यात कित्येक वर्षांपासून जातो, आपणच आजवर सालीचे ढीग सडू दिले.

पण मका पूर्ण बंद करू नका. स्टार्च एकदम गेलं तर प्रोपिओनिक कमी पडतं आणि जास्त दूध देणाऱ्या गाईचे लिटर उतरतात. अर्धा मका ठेवा, अर्ध्याच्या जागी साल, असं मी सांगेन. वाळलेली साल असेल तर दीड ते दोन किलो, ओली असेल तर ८ ते १० किलोपर्यंत, कारण ओल्या सालीत ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सुरुवात ओल्या २ किलोपासून करा आणि दोन आठवड्यांत वाढवत न्या. सालीतल्या तेलामुळे ती कडवट लागते, पहिले दोन-तीन दिवस गाई हुंगून तोंड फिरवतील, ढेपेत मिसळून द्या म्हणजे सवय होते. आणि धार काढल्यावर द्या, आधी दिली तर दुधाला वास लागू शकतो.

सालीत प्रोटीन फार कमी, ६-७ टक्के, म्हणून सरकी ढेप किंवा तुरीची चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) कमी करायची नाही. कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी, त्यामुळे मिनरल मिक्श्चर घेताना फॉस्फरस चांगला असलेलं घ्या. आणि हे ठळक लिहून ठेवा, विण्याच्या शेवटच्या तीन आठवड्यांत गाभण गाईला साल देऊ नका. त्या दिवसांत कॅल्शियम जास्त खाल्लेल्या गाईचं शरीर हाडातून कॅल्शियम काढायची यंत्रणा सुस्त ठेवतं, मग व्यायल्यावर दुधाला एकदम कॅल्शियम लागलं की मिल्क फिव्हर होऊन गाय बसते.

गळीचं प्रकरण वेगळं आहे. अख्खं फळ गाईच्या घशात अडकतं, आणि अडकलं की ढेकर बाहेर पडत नाही, पोट फुगून तास-दोन तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून गळ कापूनच घालायची, कंटाळा करायचा नाही. फवारणी झालेल्या बागेतली गळ औषधाचा काढणीपूर्व काळ संपल्याशिवाय द्यायची नाही, डब्यावर दिवस लिहिलेले असतात. हिरवी-निळी बुरशी चढलेलं फळ थेट खड्ड्यात, वरची बुरशी पुसून देणं हा उपाय नाही कारण बुरशी आतपर्यंत गेलेली असते.

साल एकदम ट्रॉलीभर आली की दोन दिवसांत सडायला लागते. वाळवायला ऊन नसेल तर मुरघास करा, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवा. तीन भाग ओली साल आणि एक भाग सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), थरावर थर टाकून प्लास्टिकच्या ड्रममध्ये पायानं गच्च दाबायचं. दाबताना खालून रस वर यायला लागला तर कुटार कमी पडलंय, मूठभर माल हातात पिळून बघा, बोटांमधून पाणी टपकलं नाही पण तळवा ओला झाला की बरोबर जमलं. हवा जाणार नाही असं तोंड बांधा आणि महिनाभर हात लावू नका. उघडल्यावर आंबूस गोडसर वास आला पाहिजे, कुबट किंवा लोण्यासारखा खवट वास आला तर तो माल गेला.

प्रश्न (रामटेक तालुका): आमच्याकडे धानाच्या मिला भरपूर आहेत. म्हशीला मिलचा ताजा कोंडा रोज ५ किलो देतो, सोबत घाणीची ढेप दीड किलो आणि तणस (धानाचा पेंढा). ऊर्जा भरपूर आहे म्हणून दिला पण फॅट ७ वरून साडेपाचवर आलं. कोंड्यात तेल असते म्हणतात, मग फॅट वाढायला नको का?

उत्तर: हा गैरसमज जवळपास प्रत्येक गोठ्यात आहे, तेल घातलं की दुधात फॅट येतं. उलटं होतं. मिलच्या ताज्या कोंड्यात १२ ते १८ टक्के तेल असतं, म्हणजे तुमच्या ५ किलोत सहाशे ते नऊशे ग्रॅम तेल जातं, त्यावर घाणीच्या ढेपेतलं तेल वेगळं. म्हैस दिवसाला १२-१३ किलो कोरडा आहार खाते असं धरलं तर एकूण तेल ५-६ टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडतं. मग दोन गोष्टी घडतात. तेलाचा थर चाऱ्याच्या तंतूवर बसतो आणि तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना हे तेल विषासारखं लागतं, ते मरतात, ॲसिटिक कमी बनतं. दुसरं, जिवाणू त्या तेलाचं रूपांतर घट्ट चरबीत करायला जातात पण पोट थोडं आंबट असेल तर काम अर्ध्यावर थांबतं, आणि ते अर्धवट झालेलं फॅट रक्तातून कासेत जाऊन तिथलं फॅट बनणंच दाबून टाकतं. म्हणून ७ चं साडेपाच झालं, म्हशीची जात बिघडली नाही की डेअरीवाल्यानं मशीन फिरवलं नाही.

तेल असलेला कोंडा दीड किलोच्या वर नेऊ नका. बाकी ऊर्जा पाहिजे असेल तर तेल काढलेला कोंडा मिळतो, डीओआरबी म्हणून विकतात, त्यात ऊर्जा कमी पण पोटाला सोसतो, आणि सोबत एक-दीड किलो भरडलेली ज्वारी किंवा मका. दळू नका, भरडा. ज्वारी-मक्याचं स्टार्च तसंही गव्हापेक्षा हळू आंबतं, पीठ केलं की तो फायदा गेला. कनकी (तुटका तांदूळ) देत असाल तर कच्ची भरडून थोडी द्या, शिजवून बादलीभर भात देऊ नका, शिजवल्यावर स्टार्च फुलतं आणि जिवाणू त्यावर एकदम तुटून पडतात.

कोंडा ताजाच घ्या, धान भरडल्यापासूनच त्यातलं तेल खवट व्हायला लागतं, पावसाळ्यात तर आठवडाभर ठेवलेलं पोतं नाकाजवळ नेलं तरी कळतं. आणि काही ठिकाणी कोंड्यात तूस दळून मिसळतात. चिमूटभर कोंडा पाण्यात टाका, तूस वर तरंगतं, बोटांत चोळलं तर टोचतं. तुसात ऊर्जा नाही, सिलिका आहे.

तणसाबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मी सांगणार, कारण स्वस्त ऊर्जा तुमच्या घरीच पडली आहे. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, दाबून प्लास्टिकनं झाकायचं आणि तीन आठवडे ठेवायचं. युरियाचा अमोनिया होऊन तणसाचे घट्ट तंतू सैल पडतात, जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते, वरून नायट्रोजनही मिळतो, आणि म्हैस तणस जास्त खाते. उघडल्यावर तासभर हवा लागू द्या, मग घाला. सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचं नाही आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाशी कधीही राहू द्यायचं नाही, त्यानं जनावर तासाभरात मरतं.

प्रश्न (हिंगणा): मंगल कार्यालयातलं उरलेलं अन्न एक जण आणून देतो, भात, पोळ्या, बुंदी. तीन महिने काही झालं नाही, मागच्या महिन्यात जास्त आलं ते दोन्ही गाईंना टाकलं तर दुसऱ्या दिवशी एक गाय उठेना. डॉक्टरनं वाचवलं. दुसरीला काहीच झालं नाही. असं कसं? आता बंद करू का?

उत्तर: बंद करा. थोडं थोडं दिलं तर चालतं असं मी एरवी सांगतो, दिवसाला किलोभर शिळ्या पोळ्या कुटारात मिसळून गाय पचवते, पण तुमच्याकडे माल किती येईल हे तुमच्या हातात नाही, कार्यालयात किती पाहुणे जेवले यावर आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे.

झालं काय ते सांगतो. मोठ्या पोटाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ६.२ ते ६.८ असतो, आकडा जितका खाली तितकं पोट आंबट. गाय दिवसाला १०० ते १५० लिटर लाळ गिळते आणि त्या लाळेतला सोडा हा आंबटपणा सांभाळतो. पण लाळ येते चावण्यातून आणि रवंथ करण्यातून. भात-बुंदीला चावायचं काय, ते तसंच खाली जातं. चुलीत काड्या-कागद टाकला की भडका उडतो आणि लाकडाचा ओंडका रात्रभर धगधगतो, तसं साखर-शिजलेला भात आणि चारा यांचं आहे. एकदम भरपूर साखर आणि स्टार्च मिळालं की स्ट्रेप्टोकोकस बोविस नावाचा जिवाणू झपाट्यानं वाढतो आणि लॅक्टिक ॲसिड बनवतो, जे इतर तीन आम्लांपेक्षा दहापट तीव्र असतं. पीएच पाचच्या खाली गेला की चारा पचवणारे चांगले जिवाणू आणि प्रोटोझोआ मरतात, लॅक्टिक खाणारे जिवाणूही मरतात, आणि मग त्याहून आंबटात जगणारे लॅक्टोबॅसिलस वाढतात. रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं. म्हणून डाव्या कुशीवर हात ठेवून हलवलं तर आत पाणी खळखळल्यासारखं लागतं, गाय दात खाते, झोकांड्या देते, शेण पातळ, पिवळट-करडं, फेसाळ आणि आंबट वासाचं. हे बारा ते छत्तीस तासांत होतं.

दुसरी गाय का वाचली? बहुतेक गोठ्यात एक गाय दांडगी असते, ती गव्हाणीवर दुसरीला येऊ देत नाही. आजारी पडली ती तुमची दांडगी गाय असावी, तिनं जास्त खाल्लं असणार. जी वाचवली तिच्या खुरांकडे पुढचे दोन-तीन महिने लक्ष ठेवा, अशा झटक्यानंतर खुरांच्या आतला भाग सुजून लंगडी पडलेली जनावरं मी बरीच पाहिली आहेत.

असं पुन्हा कोणाकडे झालं तर आधी समोरचं खाणं उचला, थोडी कोरडी कडब्याची कुट्टी ठेवा, पाणी एकदम बादलीभर पाजू नका आणि डॉक्टरला लगेच बोलवा, सकाळ व्हायची वाट बघू नका. गाय आडवी पडली असेल तर स्वतःहून तोंडानं तेल, गूळपाणी, ताक काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

याच पत्राच्या निमित्तानं सांगतो, पोळा तोंडावर आलाय. खांदेमळणी करा, सजवा, तोरणाखाली मिरवा, नैवेद्य द्या, पण पुरणपोळ्या दोन-तीन. आपल्याकडे होतं असं की घरचे देतात, शेजारचे देतात, मग प्रत्येक दारापुढं बैल थांबतो आणि प्रत्येक घरची माउली प्रेमानं पोळी भरवते. वर्षभर कुटार-कडबा खाल्लेल्या बैलाच्या पोटातल्या जिवाणूंना एवढ्या साखरेची सवय नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, म्हणजे आपला तान्हा पोळा असतो तेव्हा, लाकडी नंदी घेऊन पोरं फिरत असतात आणि जनावरांच्या डॉक्टरांचा फोन वाजत असतो. घरात एक माणूस ठेवा जो सांगेल की आता बस.

प्रश्न (उमरेड): एजंट डीडीजीएस देऊन राहिला, म्हणतो मक्याचंच आहे, मक्याऐवजी तेवढंच घाला, स्वस्त पडते. घ्यावं का?

उत्तर: घ्या, पण मक्याच्या जागी नाही. डीडीजीएस म्हणजे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला, वाळवलेला चोथा. इथेनॉल बनतं स्टार्चपासून, म्हणजे मक्यातलं जे आपल्याला हवं होतं तेच कारखान्यानं वापरून टाकलं. मागे राहतं प्रोटीन, तेल आणि तंतू, तेही साधारण तिप्पट घट्ट होऊन. मक्यात ९ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, मक्याच्या डीडीजीएसमध्ये २७-३०. तांदळापासूनच्या डीडीजीएसमध्ये ४० च्या वरही जातं. म्हणजे हा ढेपेचा पर्याय आहे. अर्धी ढेप कमी करून एक ते दीड किलोपर्यंत द्या. यातली ऊर्जा तंतू आणि तेलातून येते, म्हणून पोट लवकर आंबट होत नाही हा फायदा, पण तेल असल्यामुळे सोबत कोंडा, अख्खी सरकी असं काही तेलकट घालू नका, कारण रामटेकच्या उत्तरात लिहिलं तेच होईल.

तिप्पट घट्ट होण्याची वाईट बाजू म्हणजे मक्यात बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, असेल तर तेही तिप्पट होतं. उष्णतेनं ते जात नाही. गाईनं खाल्लं की त्याचा काही भाग दुधात उतरतो, आणि दुधात त्याची मर्यादा लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. तुमच्या घरची पोरंही तेच दूध पितात. त्यामुळे एजंटकडून त्या लॉटचा तपासणी रिपोर्ट मागा, पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग) आहे, रिपोर्ट देत नसेल तर माल घेऊ नका. पोतं उघडून रंग बघा, सोनेरी-पिवळा चांगला, कॉफीसारखा काळपट म्हणजे वाळवताना जळलाय आणि त्यातलं प्रोटीन गाईला मिळणार नाही. ओला माल कोणी स्वस्तात देत असेल तर आपल्या उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसही टिकत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. संत्र्याच्या सालीत प्रोटीन आणि फॉस्फरस कमी, कॅल्शियम जास्त. डीडीजीएसमध्ये प्रोटीन आणि फॉस्फरस जास्त, कॅल्शियम अगदी कमी. काटोलकडे साल आहे, डीडीजीएस आता सगळीकडे पोचतंय. सोबत एक किलो भरडलेला मका किंवा ज्वारी आणि पोटभर वैरण, यातून नागपूर जिल्ह्याला शोभेल असा स्वस्त खुराक बसतो. दहा-बारा लिटरच्या गाईला वाळलेली साल दीड किलो, डीडीजीएस एक किलो, भरडा एक किलो, तुरीची चुनी अर्धा ते एक किलो, मीठ, मिनरल मिक्श्चर, इथून सुरुवात करून बघा.

प्रश्न (देवलापार): वाळलेली मोहफुलं घरात आहेत, बैलाला ताकद येते म्हणून द्यावी का?

उत्तर: द्या, अर्धा किलो, फार तर एक किलो, कुटारात कालवून. मोहफुलात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून हिंगण्याच्या गाईचं झालं तेच टोपलीभर मोहफुलांनी होईल. पावसाळ्यात ओल धरून दारूसारखा वास यायला लागलेली किंवा बुरशी आलेली फुलं टाकून द्या. मोहाची ढेप ही वेगळी वस्तू आहे, तिच्यात सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ती जनावराला घालू नका.

प्रश्न (कळमेश्वर): मी महिला बचत गटात आहे, आम्हा बायकांच्या मिळून बऱ्याच गाई आहेत. तुम्ही पीएच, आम्लं सांगता पण आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. नवीन खाद्य सोसलं की नाही हे घरी कसं ओळखायचं?

उत्तर: ताई, या महिन्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा आहे. प्रयोगशाळा गोठ्यातच असते.

दुपारी गाई बसलेल्या असतात तेव्हा जा आणि नुसतं बघा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त गाई रवंथ करत असल्या पाहिजेत. मग एक गाय निवडा, घास वर आला की तो गिळेपर्यंत जबडा किती वेळा फिरतो ते मोजा. ५० ते ७० वेळा फिरला तर आत सगळं बरं आहे. चाळिसाच्या खाली आलं तर लांब चारा कमी पडतोय आणि लाळही. सध्या पावसाचं कोवळं गवत सगळे भरपूर घालतात, त्यात तंतू कमी असतो, म्हणून या दिवसांत सकाळी खुराकाच्या आधी दोन किलो तरी कोरडा कडबा किंवा कुटार घालाच. कुट्टी मशीनवर करत असाल तर इंचभराचे तुकडे ठेवा, अगदी भुसा करू नका.

डाव्या कुशीत मूठ दाबून धरा आणि घड्याळ लावा. मोठं पोट मिनिटाला एक ते दोनदा मूठ बाहेर ढकलतं. दोन मिनिटांत एकदाच हललं तर खुराक कमी करा.

मग शेण. दोन मुठी ताजं शेण रव्याच्या जुन्या चाळणीत घ्या आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चाळणीवर काय उरलं ते बोटानं पसरा. पिवळे दाणे अख्खे किंवा अर्धे दिसले तर भरडा नीट झाला नाही, तुमचे पैसे शेणखतात चालले. अर्ध्या इंचापेक्षा लांब काड्या खूप उरल्या तर चारा पचवणारे जिवाणू नीट काम करत नाहीयेत, बहुतेक पोट आंबट आहे किंवा तेल जास्त झालंय. चिकट, पारदर्शक दोऱ्यासारखं काही दिसलं तर आतड्याच्या आतला चिकट थर निघून आला आहे, म्हणजे न पचलेलं धान्य पुढे जाऊन तिथे आंबतंय. हे एकाच गोठ्यातल्या दोन-तीन गाईंचं करा, एका गाईवरून ठरवू नका.

नवीन खाद्य सुरू कराल तेव्हा एकावेळी एकच वस्तू बदला आणि दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेला न्या, कारण जिवाणूंची नवी फौज उभी राहायला आणि पोटाच्या आतल्या अस्तराला आम्लं शोषायची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. खुराक दिवसातून दोनदा एकदम घालण्यापेक्षा तीन-चार वेळा वाटून घाला, तुम्ही बायका घरी असता तिथे हे जमतं. जास्त खुराक असलेल्या गाईला खायचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खुराकात मिसळून चालतो, पण सोडा म्हणजे चाऱ्याची भरपाई नाही.

आणि डेअरीतून मिळणारी फॅट-एसएनएफची (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) चिठ्ठी फेकू नका, वहीत चिकटवा आणि बाजूला त्या दिवशी काय बदललं ते लिहा. फॅट घसरलं आणि लिटर वाढले तर धान्य जास्त होतंय किंवा चारा कमी. फॅट आणि लिटर दोन्ही घसरले तर पोट बिघडलंय, खुराक निम्म्यावर आणून कोरडी वैरण वाढवा. फॅट टिकलं पण एसएनएफ साडेआठच्या खाली जाऊ लागलं तर ऊर्जा कमी पडतेय, अशा वेळी मका वाढवायला हरकत नाही. तुमच्या गटाच्या अशा दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या आणि काय काय घातलं त्याची यादी मला पाठवा, पुढच्या अंकात तुमच्याच गाईंचा खुराक बसवून देतो.